किल्ल्यावरच्या जुन्या मावळ्यांचा रंग कसा काढायचा? आयपीए, ॲसिटोन आणि शिशाची भानगड

दिवाळीला सोनईला घरी गेलो तेव्हा माळ्यावर किल्ल्याच्या चित्रांचा पत्र्याचा डबा सापडला. महाराज, मावळे, एक हत्ती, दोन खेळण्यातल्या गाड्या (त्या किल्ल्यावर कशा आल्या ते विचारू नका). रंग ठिकठिकाणी उडालेला. माझा तीन वर्षांचा भाचा पिवळ्या शेल्याचा मावळा थेट तोंडात घालायला निघाला. म्हटलं थांब, जुना रंग काढून नवा देतो.

पहिलीच चूक केली. ताईचं ॲसिटोनवालं नेलपेंट रिमूव्हर कापसावर घेऊन प्लॅस्टिकच्या हत्तीवर चोळलं. रंग गेला, सोबत सोंडही विरघळली. ॲसिटोन फक्त रंगावरच काम करतं असं नाही. पॉलिस्टायरीन आणि एबीएस ही खेळण्यांची नेहमीची प्लॅस्टिकंही ते विरघळवतं. म्हणून रसायन निवडण्याआधी वस्तू कशाची आहे ते ओळखा.

आधी मटेरियल

तळाशी नखाने खरवडा. पांढरी भुकटी निघाली आणि पाण्याचा थेंब लगेच शोषला गेला तर ते पीओपी. ते कशातही बुडवायचं नाही, कारण द्रव आत मुरतो आणि रंगाआधी नाकडोळेच झिजतात. कच्च्या मातीचं तर पाण्यात चिखलच होतं. अशा चित्रांचा रंग काढायच्या भानगडीत पडू नका.

टणक प्लॅस्टिकसाठी आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल. मोबाईल रिपेअरवाला बोर्ड साफ करायला वापरतो तेच. रंग ॲक्रिलिक असेल तर आयपीए त्याचा थर मऊ करून पकड सोडवतं, आणि पॉलिस्टायरीनला धक्का लागत नाही. झाकणाच्या काचेच्या बरणीत मावळा बुडवा, अर्ध्या तासाने काढून जुन्या टूथब्रशने घासा. नाही निघाला तर परत बुडवा. घाई करून टोकदार वस्तूने खरवडलं की चेहरा गेलाच समजा. वाकणारं मऊ पीव्हीसी मात्र फार वेळ ठेवू नका, त्यातला मऊपणा देणारा घटक निघून ते कडक होतं.

आयपीए पटकन पेट घेतं. दिवाळीत हे सांगावंच लागतं: पणती, फटाके, गॅस यांपासून लांब, उघड्या हवेत काम करा.

गाड्या बहुतेक झामॅकच्या असतात, म्हणजे जस्तात साधारण ४ टक्के ॲल्युमिनियम. काचा, चाकं असे प्लॅस्टिकचे भाग काढून घेतले की धातूवर ॲसिटोन बिनधास्त चालतं. काही व्हिडिओंत कॉस्टिक सोडा सांगतात. तेलाचा रंग त्याने सुटतो हे खरं, पण जस्त आणि ॲल्युमिनियम दोन्हींशी त्याची प्रक्रिया होऊन हायड्रोजन निघतो, गाडीचा पृष्ठभाग खराब होतो, आणि डोळ्यात थेंब गेला तर गंभीर इजा होते. मी वापरत नाही.

हार्डवेअरच्या दुकानातल्या पेंट रिमूव्हरच्या डब्यावर मिथिलीन क्लोराइड लिहिलंय का ते बघा. श्वासातून गेल्यावर शरीरात त्याचं कार्बन मोनॉक्साइड बनतं. अमेरिकेने २०१९ मध्ये घरगुती ग्राहकांना असे रिमूव्हर विकायला बंदी घातली.

पिवळा शेला

आता मुख्य मुद्दा. जुन्या तेलरंगांत, विशेषतः पिवळ्या-लाल छटांमध्ये, शिसं असू शकतं. भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांसाठी ९० पीपीएमची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. आमचा डबा त्याच्या कितीतरी आधीचा. लहान मुलांच्या रक्तात शिशाची सुरक्षित पातळी अशी काही नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि नुसतं बघून शिसं ओळखता येत नाही.

म्हणून कोरडा सँडपेपर अजिबात नको, ती धूळ श्वासात जाते. हातमोजे घाला, खाली वर्तमानपत्र पसरा, पोरं लांब ठेवा. वापरलेलं द्रव मोरीत ओतू नका. उघड्यावर, मुलांच्या हाताला लागणार नाही असं सुकू द्या आणि उरलेला गाळ, कागद, ब्रश पिशवीत बंद करून धोकादायक कचरा म्हणून वेगळा द्या.

रंग निघाल्यावर साबणाच्या पाण्याने धुवा, एक दिवस वाळवा, मग प्रायमर. माझे सात मावळे आणि दोन्ही गाड्या नीट निघाल्या. पिवळ्या शेल्याचा मावळा पीओपीचा निघाला, तो काचेच्या कपाटात वरच्या फळीवर ठेवलाय. भाचा अजून रोज विचारतो, मामा, तो कधी देणार?