मुंगसात शिरलेला हंस

इंग्रजीत दोन शब्द शेजारी ठेवले की समास झाला. मुख्य पद सहसा शेवटी, आघात बहुधा पहिल्यावर. 'ब्लॅकबर्ड' म्हणताना 'ब्लॅक'वर जोर दिला तर तो एका ठरावीक जातीचा पक्षी. 'बर्ड'वर दिला तर कुठलाही काळा पक्षी. 'रेडहेड'सारख्या शब्दांना तर तिकडचे भाषाशास्त्रज्ञही 'बहुव्रीहि' म्हणतात. पण मला ओढ आहे ती समास नसूनही समासाचं सोंग घेतलेल्या एका शब्दाची. तो आपल्या घरचा आहे.

तो शब्द म्हणजे 'मॉन्गूस', आपलं मुंगूस. ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर 1670च्या दशकात मुंबई, सुरत, जुन्नर फिरला. 1698 साली छापलेल्या त्याच्या प्रवासवर्णनात हा प्राणी भेटतो. 'गूस' म्हणजे हंस. आता मुंगसाचा हंसाशी काय संबंध? काहीच नाही. पण इंग्रजी कानाला शेवटी ओळखीचं पद ऐकू आलं आणि लेखणीने ते तसंच उतरवलं. स्पॅनिश 'कुकाराचा'चंही असंच झालं: त्यातून 'कॉक' म्हणजे कोंबडा आणि 'रोच' नावाचा मासा जोडून 'कॉकरोच' तयार झाला.

यावर आक्षेप असा, की हे निव्वळ स्पेलिंग आहे. दीर्घ 'ऊ' इंग्रजीत असाच लिहितात. मला ते पटत नाही. 'ऊ'साठी दोन 'ओ' पुरेसे होते, शेवटचा मुका 'ई' कशाला हवा होता? तो हंसाच्याच स्पेलिंगमधून आला असावा. शिवाय हंसाचं अनेकवचन 'गीस', म्हणून मुंगसांनाही 'मॉन्गीस' म्हणणारे लोक आहेत. रूढ रूप 'मॉन्गूसेस' असलं तरी मेरियम-वेबस्टर कोश 'मॉन्गीस'चीही नोंद घेतो. बोलणाऱ्यांना आत हंस दिसल्याशिवाय हे रूप जन्मालाच येत नाही.

दुसरा वाद मूळ कुणाचं, हा. तेलुगूत 'मंगीसु', कन्नडात 'मुंगुसी' आहे. पोर्तुगीजांचा 'मंगुस्तू'ही आहे. शब्दाची मुळं द्राविडी असणं मला सहज शक्य वाटतं. सीमेवरचे शब्द गावं बदलत राहतात. पण इंग्रजांचा सुरुवातीचा एक मोठा मुक्काम सुरत-मुंबईच्या किनाऱ्यावर होता, आणि त्या पट्ट्यात बोलला जाणारा, शेवटी 'गूस' असलेला शब्द मराठीचा. 'मंगीसु' ऐकून हंस कुणाला आठवला असता? शब्दाच्या आजी-आजोबांची भाषा कोणतीही असो, इंग्रजीच्या दारात त्याला पोचवलं ते मराठीनेच.