पाव डॉलरचा जलसा

आमच्या नातवाच्या खोलीतले संगीत ऐकण्यासाठी दाराला कान लावावा लागत नाही. दारच थरथरत असते. एके दिवशी न राहवून मी त्याला विचारले, "अरे, यात गाणे कोठे आहे?" तो म्हणाला, "आजोबा, हे गाणं नाहीच. हे तालात बोलणं आहे. आणि हे आधी रेकॉर्डवर नव्हतंच मुळी. नुसतं पार्ट्यांत होतं."

शेवटच्या वाक्याने मी थबकलो. आमच्या पिढीने गवई ओळखला तो तबकडीवरून. मैफल नशिबात असली तर नंतर. आणि येथे एक कला अशी की, तब्बल सहा वर्षे ती एकाही तबकडीवाचून जगली, वाढली, तिच्यात घराणी निर्माण झाली, भांडणे झाली, आणि मग कोठे बाजाराला तिचा पत्ता लागला. इतिहासाचा नाद असलेल्या माणसाला एवढे आमिष पुरते. मी नातवाकडून काही नावे उतरवून घेतली आणि वाचायला बसलो.

आपल्याकडे एकेका शाहिराच्या जन्मसालावरून वाद चालतात. या हिप-हॉपची जन्मतारीख मात्र चक्क कागदावर लिहिलेली सापडते: ११ ऑगस्ट १९७३. वेळ रात्री नऊ ते पहाटे चार. स्थळ न्यूयॉर्क शहराचा ब्रॉन्क्स विभाग, सेजविक अव्हेन्यू, घर क्रमांक १५२०. कोणतीही कला अशी एका रात्रीत जन्माला येत नसते हे मीही जाणतो. पण बारशाला तारीख लागते, ती ही.

जलसा भरवला एका मुलीने. तिचे नाव सिंडी कॅम्पबेल. शाळा सुरू होणार होती आणि तिला नवे कपडे हवे होते. तेही शेजारच्या दुकानातले नव्हेत, तर डिलान्सी स्ट्रीटवरचे, जे आपल्या वर्गात दुसऱ्या कोणाच्या अंगावर दिसणार नाहीत. इमारतीत रहिवाशांच्या करमणुकीसाठी एक दालन होते. ते तिने पंचवीस डॉलर भाड्याने घेतले. आमंत्रणे छोट्या कार्डांवर हाताने लिहून वाटली. मुलींना प्रवेश पंचवीस सेंट, मुलांना पन्नास. आता हिशेब करा: नुसते भाडे सुटायलाच शंभर मुली किंवा पन्नास मुलगे यायला हवेत. म्हणून खाण्यापिण्याची विक्रीही ठेवली. आईबाप जातीने हजर होते. वाजवायला मोठा भाऊ क्लाइव्ह, म्हणजे घरचाच माणूस, बिदागी नाही. कलेच्या इतिहासात संयोजकांची नावे कोणी लिहीत नाही. पण माझे मत असे की, या कलेची पहिली मानकरी ही हिशेबी बहीण आहे.

हा ब्रॉन्क्स म्हणजे काय प्रकार होता, हे थोडे सांगितले पाहिजे. रॉबर्ट मोझेस नावाच्या बलाढ्य नगररचनाकाराने १९४८ पासून नांदत्या वस्त्यांच्या मधोमध एक महामार्ग काढला, क्रॉस-ब्रॉन्क्स एक्स्प्रेसवे. हजारो कुटुंबे उठली. ज्यांना परवडले ते दूर गेले, उरलेल्यांच्या घरांची किंमत कोसळली. आणि सत्तरच्या दशकात घरांना आगी लागू लागल्या, काही दुर्लक्षाने, काही विम्याच्या पैशासाठी लावलेल्या. त्याच सुमारास पालिकेने अग्निशामक केंद्रे कमी केली. दक्षिण ब्रॉन्क्सचे काही भाग बॉम्ब पडल्यासारखे दिसत. पोरांच्या टोळ्या होत्या, त्यांचे झगडे जिवावर बेतत. डिसेंबर १९७१ मध्ये, समेट घडवायला गेलेल्या एका तरुणाचा खून झाल्यावर, होई अव्हेन्यूवरच्या एका सभागृहात या टोळ्यांनी एकत्र बसून तह केला. त्या तहामुळे गल्लीतून गल्लीत जाणे जरा सोपे झाले. तसे नसते, तर सिंडीच्या जलशाला परक्या आळीतले कोणी आले असते की नाही याची मला शंकाच आहे.

क्लाइव्ह तेव्हा अठरा वर्षांचा होता. देहयष्टीवरून पोरे त्याला हर्क्युलीस म्हणत. त्याचे झाले कूल हर्क. जन्म जमैकाचा, किंग्स्टनचा. १९६७ साली कुटुंबाबरोबर न्यूयॉर्कला आला. जमैकात मोठमोठे कर्णे रस्त्यावर मांडून नाचाच्या रात्री भरवण्याची आणि वाजत्या तबकडीवर वाजवणाऱ्याने बोलत राहण्याची जुनी रीत होती. ती त्याने पोरवयात पाहिली होती. वडील एका वाद्यवृंदाची ध्वनियंत्रे सांभाळत, तेव्हा सामग्रीही घरात होती.

त्याची खरी करामत मात्र कानांची नव्हे, डोळ्यांची. त्याने काय पाहिले, तर नाचणारी पोरे सबंध गाण्याला नाचतच नाहीत! गाण्यात मध्येच एक जागा येते, जेथे गायक गप्प होतो, बाकीची वाद्ये थांबतात आणि नुसता ढोल चार-दोन क्षण एकटा बोलतो. पोरे भिंतीला टेकून त्या जागेची वाट पाहत. आपल्याकडे तबलजीचा तुकडा आला की माना डोलतात, तसे समजा. मग हर्कने विचार केला, बाकीचे गाणे हवेच कशाला? त्याने एकाच तबकडीच्या दोन प्रती घेतल्या, दोन यंत्रांवर ठेवल्या. एकीवरचा ढोल संपत आला की दुसरीवरचा सुरू, तोवर पहिली मागे फिरवायची. दोन क्षणांचा तुकडा पाच मिनिटे चालू लागला. या युक्तीला तो चक्री पाळण्याच्या नावाने ओळखत असे. आणि तबकड्यांवरची नावाची कागदी चकती तो पाण्यात भिजवून काढून टाकी, म्हणजे कोणता माल कोठून आणला हे प्रतिस्पर्ध्याला कळू नये. ही अक्कल वडिलांची. आपल्या खाँसाहेबांनी बंदिशीचे शब्द मुद्दाम अस्पष्ट म्हणावेत, त्यातलीच ही गत!

तेथे तालात बोलणारा होता हर्कचा मित्र कोक ला रॉक. तो काही काव्य म्हणत नव्हता. आलेल्या मित्रांची नावे पुकारायची, कोणाची गाडी वाटेत उभी आहे ते सांगायचे, नाचणाऱ्याला चढवायचे. तमाशातल्या सोंगाड्याचे काम म्हणा. या नाव पुकारण्यातून यमके आली, यमकांतून कडवी, कडव्यांतून रॅप. वाङ्मयाचा एक प्रकार गाडी हलवण्याच्या सूचनेतून जन्मला, हे आमच्या विद्यापीठीय मित्रांना रुचणार नाही; पण त्याला माझा इलाज नाही.

पुढे दालन अपुरे पडले आणि जलसे उद्यानांत आले. वीज कोठली? रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबातून तार ओढलेली. उद्यानात तिकीट नसे. नाव झाले की क्लबात बोलावणे येई, तेथे तिकीट लागे. याच काळात जोसेफ सॅडलर ऊर्फ ग्रँडमास्टर फ्लॅश नावाचा, वीजयंत्रांचे शिक्षण घेतलेला तरुण पुढे आला. हर्कची अदलाबदल ढोबळ होते, ताल चुकतो, हे त्याला खुपे. त्याने तबकडीवर खडूने खुणा केल्या, काटा नेमका कोठे पडतो ते मोजले आणि जोड इतका बेमालूम केला की कळू नये. मोठ्या आशेने तो लोकांसमोर गेला, तर लोक नाचायचे थांबून नुसते पाहत राहिले! घरी जाऊन तो रडला, असे त्यानेच सांगितले आहे. मग त्याला उमगले की, बोलणारा माणूस हवा. त्याने काउबॉय, मेली मेल यांना हाती ध्वनिक्षेपक दिला. कसबी माणसाला सोंगाड्याची गरज लागली ती अशी. थिओडोर नावाच्या बारा-तेरा वर्षांच्या पोराची गोष्ट याहून गमतीची: आई आवाज कमी कर म्हणून दारात ओरडायला आली, त्याने तबकडी हाताने धरली, आणि बोटाखाली ती मागेपुढे झाल्याचा खरखराट त्याला आवडला. त्या खरखराटाची पुढे कला झाली. त्या माउलीचे उपकार कोणी मानल्याचे ऐकिवात नाही.

१३ जुलै १९७७ रोजी रात्री सबंध न्यूयॉर्कची वीज गेली. दुकाने फुटली, त्यात ध्वनियंत्रांचीही होती. आणि त्यानंतर गल्लोगल्ली नवे डीजे दिसू लागले, हे त्या काळचे कलावंतच कबूल करतात. त्याच वर्षी एका जलशात मारामारी सोडवायला गेलेल्या हर्कला चाकूचे वार बसले. तो मागे सरला. खेळ त्याच्यावाचून चालू राहिला.

जलशांची जाहिरात हाताने काढलेल्या पत्रकांवर होई. बडी एस्क्वायर हा त्यातला नामांकित कारागीर. त्याची पत्रके आज कॉर्नेल विद्यापीठाने जपून ठेवली आहेत. आणि जलशांचा प्रसार झाला कॅसेटींनी. कोणी तरी कर्ण्यापाशी यंत्र धरून ध्वनिमुद्रण करी, त्याच्या प्रतींच्या प्रती हातोहात जात. डिसेंबर १९८१ मध्ये हार्लेम वर्ल्ड या क्लबात बिझी बी आणि कूल मो डी यांचा सामना झाला, तो अशाच कॅसेटीमुळे सर्वतोमुखी झाला. बिझी बी लोकांना हसवण्यात पटाईत. मो डीने त्याच्या त्या हुकमी खेळाचीच शब्दाशब्दाने चिरफाड केली. कलगीवाले आणि तुरेवाले यांचा झगडा ज्यांनी ऐकला आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही. तेव्हापासून नुसत्या आरोळ्यांवर भागेना. कवित्व लागू लागले.

आता कडू घोट. सप्टेंबर १९७९ मध्ये सिल्व्हिया रॉबिन्सन या बाईंच्या शुगर हिल कंपनीने 'रॅपर्स डिलाइट' ही तबकडी काढली, आणि ती अमेरिकेतल्या पहिल्या चाळीस गाण्यांत जाऊन बसली. गाणारे तिघे ब्रॉन्क्सच्या जलशांतले मुरलेले गडी नव्हतेच. त्यांतला बिग बँक हँक न्यू जर्सीत पिझ्झाच्या दुकानात काम करी. तो ग्रँडमास्टर कॅझ या जलशांतल्या खऱ्या कवीच्या ओळखीचा. त्याने कॅझकडे कवने मागितली. कॅझने आपली वही पुढे टाकली, हवे ते घे म्हणाला. हँकने इतके इमानाने घेतले की, कॅझने स्वतःचे टोपणनाव अक्षरे सोडवून गुंफले होते, तेही तसेच तबकडीवर आले. कॅझला ना नाव मिळाले, ना पैसा.

त्याच तबकडीची चाल शिक या वाद्यवृंदाच्या गाण्यावरून उचललेली होती. त्या गाण्याचे जनक नाइल रॉजर्स व बर्नार्ड एडवर्ड्स यांनी कायद्याचा बडगा दाखवताच त्यांची नावे कर्त्यांत घातली गेली. कारण त्यांचे गाणे तबकडीवर होते आणि कॅझचे वहीत. जलशात हजार माणसांनी ऐकलेले कवन कोणाचे, हे हजार माणसांना ठाऊक असते. पण हजार माणसे म्हणजे दस्तऐवज नव्हे. मला या सबंध इतिहासात सर्वांत जास्त बोचली ती ही गोष्ट. आपल्या किती लावण्या नाव नसलेल्या, किंवा भलत्याच नावाच्या झाल्या असतील!

तबकडी आली तरी जलसा मेला नाही. तो बाजूला सरून भूमिगत झाला. लॉस एंजेलिसमध्ये 'गुड लाइफ' नावाचे आरोग्यदायी अन्नाचे दुकान होते. १९८९ च्या अखेरीपासून तेथे दर गुरुवारी कोणीही उठून रॅप म्हणावे अशी बैठक सुरू झाली. नियम एकच कडक: शिवी द्यायची नाही. आणि बोलणारा रटाळ झाला तर सभा एकसुरात, विनयपूर्वक, ध्वनिक्षेपक पुढे द्या अशी विनंती करी. न्यूयॉर्कच्या नावाजलेल्या फॅट जोलाही ही विनंती ऐकावी लागली! येथल्याच फ्रीस्टाइल फेलोशिप या मंडळीने १९९१ साली स्वतःच आपली पहिली ध्वनिमुद्रिका काढली. कंपनीची वाट पाहिली नाही. आणि येथे रॅप म्हणणारी एक तरुणी, एव्हा ड्युव्हर्ने, पुढे चित्रपट-दिग्दर्शिका झाली. या बैठकीवरचा तिचा माहितीपट २००८ चा आहे. शिवीवाचून रॅप होत नाही असे म्हणणाऱ्या माझ्या शेजाऱ्यांना मी हा दाखला आवर्जून देतो.

आपल्या मुंबईत हे लोण पोचले ते सर्वांना ठाऊकच आहे. कुर्ल्याच्या नेझीने २०१४ साली एका आयपॅडवर आपले गाणे चित्रित केले. पुढल्या वर्षी तो आणि डिव्हाइन यांनी गल्लीचेच गाणे केले. आणि २०१९ साली 'गली बॉय' चित्रपट निघाला. नातवाच्या खोलीतली धडधड ती या वाटेने आली.

हर्कने स्वतः या सहा वर्षांत एकही तबकडी काढली नाही. २०११ साली तो आजारी पडला तेव्हा विमा नव्हता. उपचारांच्या पैशासाठी चाहत्यांना हाक द्यावी लागली. २०१६ साली सेजविक अव्हेन्यूच्या त्या तुकड्याला हिप-हॉप बुलेव्हार्ड हे नाव मिळाले. आणि २०२२ च्या ऑगस्टमध्ये, क्रिस्टीज या लिलावगृहात भावाबहिणींनी घरातल्या जुन्या वस्तू विक्रीला काढल्या: तबकड्यांची यंत्रे, कर्णे, कपडे, दागिने. त्यांत एक छोटे कार्डही होते, हाताने लिहिलेले: मुलींना पंचवीस सेंट, मुलांना पन्नास.