रणछोड आणि उंबरखिंड



काल पूर्वरंगात आपण भागवताच्या दशम स्कंधातला कालयवनाचा प्रसंग घेतला होता. जरासंधाच्या सतरा स्वाऱ्या परतवून झाल्या, आणि अठराव्या वेळी कालयवन तीन कोटींची फौज घेऊन मथुरेवर आला. देवानं काय केलं? आधी आपली माणसं द्वारकेला सुखरूप पोचवली. मग गळ्यात माळ घालून, हातात शस्त्र न घेता वेशीबाहेर आला आणि पळत सुटला. कालयवन मागं, देव पुढं. देव गुहेत शिरला. आत मुचकुंद राजा झोपलेला. कालयवनाला वाटलं हाच कृष्ण, म्हणून त्यानं लाथ मारली. मुचकुंदाची नजर पडली आणि त्याची राख झाली. त्या पळण्यावरून देवाला नाव पडलं रणछोड. आजही डाकोरला लोक रणछोडरायाच्या दर्शनाला जातात. पळाला म्हणून त्याला कुणी भित्रा म्हणत नाही.

कीर्तन संपल्यावर एका माउलींनी विचारलं, "महाराज, देवानं फसवलं ते चालतं. मग आम्ही फसवलं तर पाप कसं?" प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी आज इतिहासात जाऊ.

मे १६६० मध्ये शाहिस्तेखान पुण्यात उतरला. औरंगजेबाचा सख्खा मामा. अफाट फौज, तोफा, हत्ती, खजिना. ऑगस्टमध्ये चाकणचा किल्ला गेला. फिरंगोजी नरसाळ्यांनी जवळजवळ दोन महिने झुंज दिली, पण किल्ला गेला. त्याच सुमारास पन्हाळाही आदिलशाहाला देऊन टाकावा लागला. एकीकडे विजापूर, दुसरीकडे दिल्ली, आणि मध्ये मूठभर मावळे. उघड्या मैदानात मोगलांसमोर उभं राहायचं म्हणजे मरणच.

१६६१ उजाडलं. खानानं कोकण घ्यायचं ठरवलं आणि कारतलबखान या उझबेक सरदाराला पाठवलं. बरोबर माहूरच्या देशमुख घराण्यातली सावित्रीबाई, जिला बादशाही किताब होता रायबागन, म्हणजे वाघीण. कारतलबखानानं बोरघाटाची रुळलेली वाट सोडली. लोहगडाच्या बाजूनं जाऊन कुरवंड्याच्या घाटानं गुपचूप कोकणात उतरायचं, असा त्याचा बेत. पण महाराजांच्या हेरांनी त्याच्या हालचाली कधीच पोचवल्या होत्या.

घाटमाथ्यावर त्याला कुणी अडवलं नाही. ना एक बाण, ना एक आरोळी. खानाला वाटलं, मराठ्यांना पत्ताच नाही. फौज नागफणीच्या सुळक्याजवळून खाली उतरली. वाट अरुंद, दोन्ही बाजूंना डोंगर आणि दाट रान. मोठ्या फौजेचा खरा जोर कशात? आडवं पसरण्यात. इथं तीच फौज मुंग्यांच्या रांगेसारखी लांबट झाली. पुढच्याला काय झालं ते मागच्याला कळेना. खाली अंबा नदीच्या खोऱ्यात, आज चावणी गाव आहे त्या बाजूला, उंबरखिंड. तिथं रानात मावळे दबा धरून बसलेले.

फेब्रुवारीचे पहिले दिवस. फौज खिंडीत पुरती शिरली आणि दोन्हीकडची वाट आवळली गेली. झाडीतून बाण, बंदुका आणि वरून दगड. समोर शत्रू दिसेना, मागं फिरता येईना, प्यायला पाणी मिळेना. तोफखाना असून काय उपयोग? तोफ फिरवायला जागा तरी हवी ना! मावळ्यांकडं तोफा नव्हत्या, पण रान त्यांचं होतं, पायवाटा त्यांच्या होत्या.

कवींद्र परमानंदांनी शिवभारतात ही लढाई संस्कृतात वर्णिली आहे. परमानंद मूळचे नेवाशाचे. ज्या नेवाशात माउलींनी ज्ञानेश्वरी सांगितली, तेच नेवासे. ते सांगतात, की रायबागननं खानाला खडसावलं: सिंहाच्या रानात शिरलास ते चुकलं, आता शरण जा आणि माणसं वाचव. खानानं दूत पाठवला.

माउली, इथं नीट ऐका. शत्रू पुरता हातात सापडलाय. चाकण ताजं आहे, पन्हाळा ताजा आहे. एक इशारा केला असता तर खिंडीतून एक माणूस परत गेला नसता. महाराजांनी अभय दिलं. सामानसुमान, खजिना ठेवा, खंडणी द्या आणि जीव घेऊन जा. दिलेला शब्द पाळला. ज्या वाटेवर फौज अडकली, त्याच वाटेनं ती परत गेली.

आता कालचा प्रश्न. युक्ती कुणी केली, कुणाशी केली, कशासाठी केली? कृष्ण पळाला तो मथुरेची माणसं वाचावीत म्हणून. महाराजांनी वाट मोकळी ठेवली ती रयतेवर चालून आलेल्या फौजेसाठी. आणि शत्रूनं हात जोडले, त्या क्षणी युक्ती थांबली. त्यापुढं शब्द म्हणजे शब्द.

आपण काय करतो? रात्री भावाचा बांध कोरतो. म्हाताऱ्या आईचा अंगठा कागदावर घेतो. मापात काटा मारतो. आणि वर म्हणतो, "अहो, शिवाजी महाराजसुद्धा गनिमी कावा करत होते!" अरे, भाऊ काय दिल्लीहून फौज घेऊन आला होता? आई काय तोफा घेऊन आली होती? जो आपल्यावर विश्वास टाकून बसलाय, त्याच्याशी केलेलं कपट ते कपटच. त्याला महाराजांचं नाव लावणं हे दुसरं पाप.

दिंडीतून घरी गेल्यावर एवढंच करा. कोरलेला बांध असेल तर नांगर एक हात मागं घ्या. आईचा कागद असेल तर तो तिच्या हातात द्या. मगच रणछोडाचं नाव घ्या, ते गोड लागेल.

बोला पुंडलिक वरदे हरि विठ्ठल! श्रीज्ञानदेव तुकाराम! पंढरीनाथ महाराज की जय!