टायरचे माप (मोटारीचे)

टायरचे माप : मोटारीच्या टायरच्या बाजूच्या भिंतीवर उठावात छापलेली अंक-अक्षरांची ओळ. टायरची रुंदी, भिंतीची उंची, बांधणी, रिमचा व्यास, भार आणि वेग अशा सहा गोष्टी या ओळीत असतात. गाडीला दुसऱ्या मापाचा टायर चालेल की नाही हे जिच्यावरून मुख्यतः ठरते ती सातवी गोष्ट, म्हणजे टायरचा बाहेरचा व्यास, तिथे लिहिलेली नसते. ती हिशेबाने काढावी लागते.

उदाहरणादाखल १८५/६५ आर १५ ८८ एच हा टायर घेऊ. २०१८ साली आलेल्या मारुती स्विफ्टच्या वरच्या प्रकारांना १८५/६५ आर १५ हेच माप होते. १८५ ही हवा भरलेल्या टायरची एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंतची रुंदी, मिलिमीटरमध्ये. रस्त्याला टेकणारा पट्टा त्याहून अरुंद असतो. ६५ हा आकडा मिलिमीटरचा नव्हे, टक्क्यांचा. भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे १२०.२५ मिमी. फसगत होते ती बहुतेक इथेच. ‘आर’ म्हणजे रेडियल बांधणी. पुष्कळांना वाटते तसा त्रिज्येशी त्याचा संबंध नाही. १५ हा रिमचा व्यास, इंचांत.

एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच ही खिचडी इतिहासाने शिजवली आहे. प्रीमियर पद्मिनीच्या टायरवर नुसते ५.२०-१४ असे, रुंदी आणि रिम दोन्ही इंचांत. मिशलॅ या फ्रेंच कंपनीने १९४६ मध्ये रेडियलचे पेटंट घेतले. त्याच कंपनीने १९७५ मध्ये रिमही मिलिमीटरमध्ये मोजणारी टीआरएक्स मालिका काढून पाहिली, पण ३९० मिमीच्या त्या रिमवर नेहमीचे इंचाचे टायर बसत नसत. मालिका मागे पडली, इंच राहिला.

आता हिशेब. १५ इंच म्हणजे ३८१ मिमी. त्यात वरची आणि खालची अशा दोन भिंती मिळवल्या की बाहेरचा व्यास ६२१.५ मिमी येतो. त्याच स्विफ्टच्या खालच्या प्रकारांना १६५/८० आर १४ टायर होते. त्यांचा व्यास ६१९.६ मिमी. तिन्ही अंक वेगळे, पण चाक दोन मिलिमीटरच्या आत तेवढेच. याउलट ‘थोडा रुंद टाकू’ म्हणून कोणी १८५ च्या जागी २०५/६५ आर १५ बसवला, तर बदलतो एकच अंक, पण व्यास होतो ६४७.५ मिमी, चार टक्क्यांहून जास्त. काटा अचूक धरला तरी तो १०० दाखवत असताना गाडी १०४ ने पळत असते. वळणावर किंवा गाडी भरल्यावर टायर आतल्या प्लॅस्टिकला घासू शकतो, तो त्रास वेगळाच. रुंदी वाढवली की टक्का उतरवायचा, हे यातले सूत्र. १६ इंची रिमवर १९५/५५ घेतला, तर व्यास ६२०.९ मिमी, म्हणजे जवळपास मूळचाच. मात्र भिंत १३ मिमीने बुटकी होते आणि पावसाळ्यातल्या खड्ड्यात पहिला मार तिलाच बसतो. आतले धागे तुटून भिंतीला फुगा आला की तो टायर बादच समजावा. दिसायला रुबाबदार असलेल्या या बदलाची शिफारस आपल्या रस्त्यांसाठी करवत नाही.

८८ म्हणजे किलो नव्हेत. तो तक्त्यातला क्रमांक आहे आणि त्याचा अर्थ प्रत्येक टायरवर कमाल ५६० किलो. ८२ ला ४७५, ९१ ला ६१५. ‘एच’ म्हणजे ताशी २१० किमी. टी १९०, व्ही २४०. वर्णक्रम सोडून एच हा यू आणि व्ही यांच्यामध्ये घुसला आहे, याचे नवल वाटू देऊ नये. समृद्धी महामार्गावर मोटारींना १२० ची मर्यादा असताना २१० चा टायर कशाला, हा प्रश्न रास्त वाटतो. पण हे अक्षर एका अर्थाने उष्णता सोसण्याची कुवतही सांगते, आणि कमी हवा, भरलेली गाडी व तापलेले काँक्रीट एकत्र आले की टायर बराच आधी तापतो. म्हणून भाराचा क्रमांक आणि वेगाचे अक्षर कंपनीने दिले त्याखाली उतरू नये. वर गेले तर चालते.

हवेचा आकडा मात्र टायरवरून घेऊ नये. तिथे छापलेला असतो तो कमाल दाब. गाडीला लागणारा दाब सहसा चालकाच्या दाराच्या खांबावरील स्टिकरवर असतो, आणि कंपनीला मान्य असलेली मापेही बहुधा तिथेच मिळतात.

खरेदी करताना आणखी एक जागा पाहावी. ‘डीओटी’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार अंक असतात. ३४१९ म्हणजे २०१९ चा ३४ वा आठवडा. दुकानात पडून राहिलेले रबरही म्हातारे होते, तेव्हा सवलतीच्या टायरची ही तारीख आधी वाचावी. हे अंक पुष्कळदा एकाच बाजूला असतात. बसवल्यावर ती बाजू आत गेली तर गाडीखाली वाकूनच पाहावे लागते. दोनच टायर नवे घेतले, तर ते मागे टाकावेत. साचलेल्या पाण्यात पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाते, मागची सुटली तर गरकन फिरते. टायरवाले उलट सल्ला देतात, तो ऐकू नये.

स्टेपनी हा शब्द वेल्समधील लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला. तिथल्या डेव्हिस बंधूंनी १९०४ मध्ये असे जादा चाक काढले. आज अनेक गाड्यांत ती इतर चाकांपेक्षा लहान मापाची असते आणि तिच्यावर ताशी ८० किमीची मर्यादा छापलेली असते. डिकीतला गालिचा उचलून तिचीही तारीख एकदा वाचावी. बहुधा ती गाडीच्याच वयाची निघते.