पंखा चालवणारी डॉक्टरीण

गोंदियाजवळच्या बिरसीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली. तेव्हा गोंदिया भंडारा जिल्ह्यातच होतं. १ मे १९९९ला वेगळा जिल्हा झाला. आज बिरसीला तरुण मुलंमुली विमान चालवायला शिकतात. धानाच्या बांध्यांवरून घिरट्या घालणारी त्यांची विमानं पाहिली की मला एक बाई आठवते. तिचं भंडाऱ्याशी काडीचंही नातं नव्हतं. तरी तिची गोष्ट इथल्या माणसानं वाचावी असं मला वाटतं, कारण दवाखान्यापर्यंतचं अंतर हा तिच्या सगळ्या आयुष्याचा विषय होता आणि तो आपलाही आहे.

व्हालेरी आंद्रे तिचं नाव. फ्रेंच सैन्यातली शल्यचिकित्सक आणि हेलिकॉप्टर वैमानिक. जन्म २१ एप्रिल १९२२, स्ट्रासबुर्ग. २१ जानेवारी २०२५ला, १०२ वर्षांची असताना ती वारली.

जखमी सैनिकाला हेलिकॉप्टरनं उचलून आणण्याची सुरुवात आपल्या शेजारी, ब्रह्मदेशात झाली. एप्रिल १९४४मध्ये कार्टर हार्मन या अमेरिकी लेफ्टनंटनं जपानी फौजांच्या मागे अडकलेला एक वैमानिक आणि तीन जखमी ब्रिटिश सैनिक बाहेर काढले. त्याची तुकडी आसामातल्या लालाघाटची. यंत्र इतकं दुबळं होतं की एका खेपेला एकच माणूस येई, आणि उकाड्यात इंजिन तापून बसे. गरम हवा विरळ असते, पाती तिला नीट धरू शकत नाहीत. उष्ण प्रदेशातल्या प्रत्येक हेलिकॉप्टरची ही अडचण. इतिहासाच्या पुस्तकांत हा प्रसंग यंत्राचा विजय म्हणून येतो. तो होताच. पण त्या चौघांत आधी कोणाला न्यायचं, हे कुणी आणि कशावरून ठरवलं, इकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. आंद्रेच्या आयुष्यात हाच प्रश्न मध्यभागी आला.

लहानपणी मारीझ हिल्झ ही प्रसिद्ध वैमानिका स्ट्रासबुर्गला आली होती. तिला फुलं देण्याचा मान या मुलीला मिळाला, आणि विमानाचं वेड लागलं ते कायमचं. नऊ भावंडांचं घर. शिकवण्या करून तिनं उड्डाणाच्या धड्यांचे पैसे उभे केले. पुढं जर्मनांनी अल्सास गिळंकृत केलं. स्ट्रासबुर्गचं विद्यापीठ त्याआधीच क्लेर्मों-फेरांला हललं होतं, तीही तिकडे गेली. तिथंही धरपकड झाल्यावर पॅरिस गाठलं आणि वैद्यकीचं शिक्षण पुरं केलं. प्रबंधाचा विषय छत्रीधारी सैनिकांना होणाऱ्या इजा! १९४८मध्ये सैन्याची डॉक्टर म्हणून ती इंडोचायनात, म्हणजे आजच्या व्हिएतनामात दाखल झाली.

सायगावच्या इस्पितळात ती मेंदूच्या शस्त्रक्रियांत मदतनीस होती. डोक्याला मार लागून कवटीच्या आत रक्त साचलं, तर काही तासांत भोक पाडून ते काढावं लागतं. नाहीतर मेंदू दाबला जातो आणि माणूस हातचा जातो. पोटाच्या जखमेला मुदत थोडी जास्त, पण फार नाही. आणि जंगलातल्या ठाण्यांवरून जखमी येत ते स्ट्रेचरवर, होडीतून, चिखलातून, कधी दिवसचे दिवस लावून. टेबलावर पोचणारा माणूस बऱ्याचदा उशिराच पोचलेला असे. वाट पाहण्यापेक्षा आपणच जावं म्हणून तिनं दोनदा छत्रीनं उडी मारली आणि दूरच्या ठाण्यावर जाऊन शस्त्रक्रिया केल्या. त्यात एक खोट होती. डॉक्टर उतरे, पण रोगी परत आणायला काही नसे.

१९५०मध्ये सायगावला दोन हिलर हेलिकॉप्टरं आली. आलेक्सी सांतिनी नावाच्या वैमानिकानं त्यातून जखमी आणायला सुरुवात केली. ते पाहून आंद्रेनं हट्ट धरला, फ्रान्सला जाऊन शिकून आली आणि स्वतः उडवू लागली. ती अंगानं हलकी होती, आणि किलो-किलोचा हिशेब ठेवणाऱ्या त्या यंत्रात हे मोठंच भांडवल. हिलर म्हणजे काचेचा फुगा, वर लाकडी पाती आणि दोन्ही बाजूंना बाहेर बांधलेल्या दोन डोल्या. सैनिक त्याला ‘व्हांतिलातर’, म्हणजे पंखा म्हणत. रेडिओवरही तेच नाव चाले, आणि १९५४मध्ये निघालेल्या तिच्या आठवणींच्या पुस्तकाच्या नावातही तो पंखा आहेच.

रोगी बाहेरच्या डोलीत, वैमानिक आत, आणि त्याचे दोन्ही हात व दोन्ही पाय यंत्रात गुंतलेले. म्हणजे एकदा उडाल्यावर जगातल्या उत्तम शल्यविशारदालाही रोग्यासाठी काही करता येत नाही. जे करायचं ते जमिनीवर, उडण्यापूर्वी: रक्त थांबवायचं, शुद्ध आणि श्वास पाहायचा, आणि मुख्य म्हणजे दोघंजण निवडायचे. तिची शल्यविद्या इथं कामाला येई. आडदांड ओरडणारा आधी न्यायचा की कोपऱ्यात गप्प पडलेला? डोक्याच्या जखमा पाहिलेल्या डॉक्टरला त्या गप्प पडण्याचं भय ठाऊक असतं.

११ डिसेंबर १९५१चा प्रसंग पाहा. उत्तरेत काळ्या नदीवरच्या तू व्हू ठाण्यावर आदल्या रात्री भयंकर हल्ला झाला होता. उपलब्ध हेलिकॉप्टर एकच, तेही सायगावला. ते सुटं करून मालवाहू विमानात घातलं, हनोईला नेलं, पुन्हा जोडलं. दाट धुकं आणि विमानविरोधी मारा यांतून आंद्रे तिथं उतरली. जखमींची क्रमवारी लावली, थांबू न शकणाऱ्यांवर तिथंच शस्त्रक्रिया केल्या, मग दोघा-दोघांना घेऊन हनोईच्या खेपा सुरू केल्या. प्रत्येक खेपेला मागे राहणाऱ्यांकडे पाठ करून उडायचं, आणि तो क्रम आपणच लावलेला.

तू व्हूचे रक्षक मुख्यतः मोरोक्कन शिपाई होते. वसाहतीतली माणसं दुसऱ्या वसाहतीत मालकासाठी लढत होती. ब्रह्मदेशात इंग्रजांसाठी लढलेल्या मराठा पलटणींच्या वंशजांना हे चित्र समजावून सांगावं लागणार नाही. आंद्रेचा पंखा साम्राज्य टिकवणाऱ्या फौजेचा होता, हे लपवून तिची आरती करण्यात अर्थ नाही. दियेन बियेन फू ७ मे १९५४ला पडलं, जिनिव्हा करार झाला आणि तो पाळला जातो का हे पाहणाऱ्या आयोगाचं अध्यक्षपद भारताकडे आलं. पण तोवर तिनं इंडोचायनात १२९ उड्डाणांत १६५ जखमी आणले होते. तो आकडाही खरा आहे, आणि मला दोन्ही एकदम मनात ठेवावे लागतात.

पुढं अल्जीरियातही तिनं साडेतीनशेवर मोहिमा केल्या. तेही स्वातंत्र्याचंच युद्ध, आणि तीही चुकीच्याच बाजूला. १९६३मध्ये तिनं सांतिनीशी लग्न केलं. १९७६मध्ये ती फ्रान्सची पहिली स्त्री जनरल झाली. योगायोग असा की त्याच वर्षी आपल्या सैनिकी परिचर्या सेवेतल्या गर्ट्रूड ॲलिस राम भारताच्या पहिल्या स्त्री मेजर जनरल झाल्या. भारतीय हवाई दलातल्या मुलींना हेलिकॉप्टरची दारं उघडली ती मात्र १९९०च्या दशकात. १९९९च्या कारगिल युद्धात गुंजन सक्सेना यांनी चीता हेलिकॉप्टरमधून जखमी आणले. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या माधुरी कानिटकर २०२०मध्ये लेफ्टनंट जनरल झाल्या.

आता आपल्याकडे. लाखांदूर-पवनीकडच्या जुन्या माणसांना बाजेवर घालून नेलेले रोगी आठवतात. पावसाळ्यात चुलबंद भरली की बाज काठावरच थांबे. आता रस्ते आहेत, पूल आहेत. भंडाऱ्याहून नागपूर साठेक किलोमीटर, आणि घरोघरी माहीत असलेला शब्द म्हणजे ‘रेफर’. तालुक्यानं भंडाऱ्याला पाठवायचं, भंडाऱ्यानं नागपूरच्या मेडिकलला. महाराष्ट्रात २०१४मध्ये १०८ची सेवा सुरू झाली तेव्हा गाडीत डॉक्टर ठेवायचं ठरलं. पुष्कळ राज्यांत तसं नाही. हा निर्णय मला आंद्रेच्या कामाच्या फार जवळचा वाटतो. गावातल्या ओसरीवर पहिल्यांदा रोग्याला हात लावणारा तो तरुण डॉक्टर भंडारा गाठायचं की थेट नागपूर, हे तिथंच ठरवू शकला, तर वाटेतला एक मुक्काम वाचतो. डोक्याला मार लागलेल्या माणसाच्या बाबतीत तो मुक्काम तासाभराचा असू शकतो.