कुलाब्याची चिलटे

दांडी हे नाव ऐकले की लोकांस मिठाची आठवण होते. ती दांडी गुजरातेतली. १९३० साली महात्माजींनी जिथे मूठभर मीठ उचलले, ती. आमची दांडी पालघर जिल्ह्यातली, बोईसरला उतरून समुद्राच्या दिशेने गेले म्हणजे लागणारी. इतिहासात तिने काही केल्याचे कोणी लिहून ठेवलेले नाही. तरीही ह्या किनाऱ्यावर बसून मी एका संस्थेचा इतिहास सांगणार आहे. त्यात आमच्या घराचाही थोडा भाग आहे, हे आधीच कबूल केलेले बरे.

१९६४ साली, आमच्या उत्तरेस काही मैलांवर, तारापूरच्या अणुवीज केंद्राचे काम सुरू झाले. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. भाभा हे नाव त्या दिवसांत घरोघर झाले. कुणाच्या तोंडी ते अभिमानाने येई, कुणाच्या काळजीने. आमच्या घरात मात्र काळजी निराळीच होती. धाकटा भाऊ तीन वर्षांचा. एका रात्री त्याला ताप चढला आणि आकडी आली. डोळे फिरले, दात आवळले, हातपाय झटके देऊ लागले. आजीने कांदा फोडून नाकाशी धरला, वडील भगताकडे धावले. ते परत येण्यापूर्वीच पोर शांत झोपी गेले होते. पुढे तापात आणखी दोनदा असे झाले. पाचव्या वर्षानंतर पुन्हा कधीच नाही. परंतु तोवर घराने निकाल देऊन टाकला होता : ह्याला होडीवर न्यायचे नाही. भर समुद्रात आकडी आली तर?

मासेमाराच्या पोराला होडी बंद झाली म्हणजे काय होते, ते किनाऱ्यावरच्या माणसास सांगावे लागत नाही. भाऊ बायकांबरोबर बोंबील वाळत घालू लागला, आणि तेच त्याचे आयुष्य झाले.

मी शिकलो, शिक्षक झालो. १९९० च्या सुमारास एकदा शाळेची मुले घेऊन कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्था पाहावयास गेलो. ही संस्था होमी भाभांनी १९४५ साली स्थापन केली, आणि १९६२ च्या जानेवारीत कुलाब्याची समुद्राकाठची इमारत तिला मिळाली. माझी कल्पना अशी, की येथे अणू, गणित आणि विश्वकिरण ह्यांखेरीज काही नसावे. पाहतो तो एका खोलीत काचेच्या बाटल्यांच्या रांगा, आणि त्यांत चिलटे! आमच्याकडे पिकलेल्या चिकूवर घोंघावतात, त्याच जातीची फळमाशी.

तिथल्या एका तरुण संशोधकाने चिलटांची एक नळी कोमट पाण्यात धरली. क्षणात सारी चिलटे पाय वर करून तळाशी पडली. मुले हळहळली. त्याने नळी बाहेर काढली. ती गार होताच चिलटे उठून उडू लागली. शेजारच्या साध्या चिलटांस त्याच उष्णतेने काही झाले नव्हते. मुलांनी टाळ्या पिटल्या. मी मात्र जागीच उभा राहिलो. अंगाची उष्णता वाढावी, शरीर ताब्यातून जावे, उष्णता उतरताच सारे पूर्ववत् व्हावे, हे मी पूर्वी पाहिले होते. कंदिलाच्या उजेडात, आजीच्या मांडीवर.

ही चिलटे तेथे आली कशी, ते मी पुढे शोधून वाचले. भाभांचा एक नियम होता : आधी खाते उघडून मग माणूस शोधावयाचा नाही, माणूस ओळखावयाचा आणि त्याच्याभोवती खाते उभे करावयाचे. त्या नियमाने १९६२ साली त्यांनी ओबेद सिद्दिकी ह्या तिशीच्या तरुणास बोलावून रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग त्याच्या हाती दिला. सिद्दिकी अलीगढला शिकलेले, ग्लासगोला संशोधन केलेले. आरंभी त्यांचे काम जंतूंच्या आनुवंशिकतेवर होते. २४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लांच्या शिखरावर विमान कोसळून भाभा गेले. चिलटांचे काम पाहण्यास ते उरले नाहीत. पुढे सिद्दिकी अमेरिकेत कॅलिफोर्नियात सीमोर बेंझर ह्यांच्याकडे काही काळ राहिले. उष्णतेने लुळ्या पडणाऱ्या चिलटांचा एक वाण डेव्हिड सुझुकी ह्यांनी १९७१ साली प्रसिद्ध केला होता. अशा वाणांच्या मज्जातंतूंत नेमके काय बिघडते, ते मोजून दोघांनी १९७६ साली प्रसिद्ध केले. एका नव्या वाणाचे नाव ‘कोमाटोज’. तो गार केल्यावरही बराच वेळ निपचित पडून राही.

मुंबईत परतल्यावर सिद्दिकींनी चिलटांच्या मेंदूचाच ध्यास घेतला. मूळच्या गोमंतकीय घराण्यातल्या, केनियात जन्मलेल्या व्हेरोनिका रॉड्रिग्ज त्यांच्या विद्यार्थिनी झाल्या. चिलटास गंध आणि चव कशी कळते, ह्याचा त्या दोघांनी शोध घेतला. अणूसाठी प्रसिद्ध असलेल्या घरात मेंदूचे शास्त्र असे एका खोलीतून रुजले.

ह्यात आमच्या भावाचा संबंध कोणता, असे वाचक विचारतील. मज्जातंतूतून संदेश जातो तो विजेच्या लाटेने. तंतूच्या आवरणात सूक्ष्म दारे असतात. ती उघडली की सोडियमचे कण आत शिरतात आणि लाट पुढे सरकते. मिठात असतो तोच हा सोडियम. सुझुकींच्या चिलटात दोष ह्या दारातच होता, हे १९८९ साली नक्की झाले. पुढे १९९८ आणि २००० साली असे आढळले, की तापातल्या आकडीचा एक प्रकार काही घराण्यांत पिढ्यान् पिढ्या चालतो, आणि त्यांच्यातही ह्याच दारांच्या जनुकांत दोष असतो. माणसातला तसला एक दोष चिलटात घालून पाहिला, तर उष्णतेने चिलटासही झटके आले. प्रत्येक पोराची आकडी ह्याच कारणाने येते असे नव्हे. भावाची कशाने आली, हे आज सांगता येणार नाही. परंतु एवढे निश्चित, की ती बाधा नव्हे. आणि तापात आकडी येणारी बहुतेक मुले पाच-सहा वर्षांची होईतो त्यातून पार होतात. भाऊ तसाच पार झाला होता. आम्हीच त्याला अलीकडे येऊ दिले नाही.

एकाच माणसाने दोन गोष्टी लावल्या. तारापूरची वीज १९६९ साली सुरू झाली. चिलटांची गोष्ट जेमतेम शंभर किलोमीटरांवरून दांडीला यावयास त्याहून कितीतरी अधिक वर्षे लागली; आणि मी शिक्षक असूनही ती घरी नेण्यास आणखी उशीर केला. विजेला तारा होत्या. हिला कुणीतरी माणूस लागत होता.

अखेर एका संध्याकाळी, बोंबील उतरवून होत असता, मी भावाला सारे सांगितले. त्याचे केस तोवर पांढरे झाले होते. तो हातातली टोपली न ठेवता ऐकत राहिला. मग म्हणाला, “म्हणजे दादा, मी होडीवर गेलो असतो तर चाललं असतं?”

मी म्हणालो, “चाललं असतं.”

तो बराच वेळ समुद्राकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “शाळेत पोरांना सांगतोस ना हे? मग आधी त्यांच्या आयांना सांग.”

त्या वर्षापासून मी सांगतो आहे.