हवापालट

भाताची कापणी उरकली आणि खळ्यावर नागली आली की आमच्या हरसूलला थंडी पडते. चार महिने डोंगरांवर कोसळणारा पाऊस थांबलेला असतो, हवा स्वच्छ असते आणि पहाटे तोंडातून वाफ निघते. या दिवसांत हटकून एक जुना शब्द आठवतो : हवापालट. औषध चालेनासे झाले की वैद्य-डॉक्टर एकच सांगत, 'जरा हवापालट करून या.' सांगणाऱ्याची सुटका होई आणि ऐकणाऱ्याला आशा लागे.

हा उपाय आपल्याकडे इंग्रजांनी रुजवला; पण त्यांनाही तो फार जुना नव्हता. रिचर्ड रसेल नावाच्या डॉक्टरने 1750 साली समुद्राच्या पाण्याचे गुण गाणारा ग्रंथ लॅटिनमध्ये लिहिला. त्या पाण्यात बुडी मारायचीच, शिवाय ते प्यायचेही! ब्रायटनचे कोळीवाड्याएवढे गाव त्यामुळे फोफावले. पुढे खुद्द राजे तिसरे जॉर्ज 1789 साली वेमथला गेले. राजेसाहेबांनी पाण्यात डोके घातले की बाजूला वाजंत्री राष्ट्रगीत वाजवीत. आपल्याकडे सिंहस्थात शाही स्नान असते, त्यांच्याकडे हे होते, इतकेच.

याच ब्रायटनला 1814 च्या सुमारास आपला एक माणूस जाऊन बसला. शेख दीन महंमद, जन्म 1759, गाव पाटणा. कंपनीच्या फौजेत चाकरी केली, लंडनला हिंदी जेवणाची खाणावळ काढली, तीत दिवाळे वाजले. मग त्याने ब्रायटनला वनस्पतींच्या वाफेचे स्नानगृह उघडले आणि इंग्रजांचे अंग चांपून देऊ लागला. आपल्या चंपीचा तिकडे 'शॅम्पू' झाला तो याच मार्गाने. चौथ्या जॉर्जने त्याला दरबारी मालीशवाला नेमले. ज्यांचे देश जिंकले त्यांच्याच हातून सांधे मोकळे करून घेण्यात साहेबाला काही वावगे वाटले नाही.

हिवाळ्यात क्षयाचे रोगी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर धाडीत. टॉर्की, बोर्नमथ, व्हेंटनर अशी गावे त्यावर जगली. कादंबरीकार स्टीव्हन्सन 1884 ते 1887 बोर्नमथला होता. तेथे खोकत खोकत त्याने जेकिल आणि हाईडची गोष्ट लिहिली. बोर्नमथच्या हवेला याचे श्रेय किती द्यावे कोण जाणे!

हीच माणसे इकडे आल्यावर त्यांना येथला उन्हाळा सोसेना. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी 1828–29 च्या सुमारास महाबळेश्वरला वसाहत घातली. जागा साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांची. एका गावाच्या बदल्यात त्यांनी ती दिली आणि कंपनी सरकारशी गोडीने राहू पाहिले. पुढे 1839 साली त्याच सरकारने महाराजांना गादीवरून काढून काशीला नेऊन ठेवले. 1847 साली ते तेथेच वारले. दुसऱ्यांना थंड हवा देणाऱ्या राजाची हवापालट ही अशी झाली.

आमच्या नाशिक जिल्ह्याच्या वाट्याला देवळाली आली. 1865 साली थळघाटातून आगगाडी वर चढली आणि मुंबई जवळ आली. देवळालीच्या छावणीत मुदत संपलेले गोरे सोल्जर बोटीची वाट पाहत पडून राहत. बोटी निघत त्या हिवाळ्याच्या मोसमात. मोसम हुकला की महिनेन् महिने नुसते बसणे. काम नाही, घर दूर, ऊन डोक्यावर. कित्येकांची डोकी फिरली. तेव्हापासून इंग्रजीत वेड लागण्याला 'डूलॅली टॅप' म्हणू लागले. डूलॅली म्हणजे देवळाली आणि टॅप म्हणजे आपला ताप!

गंमत अशी की, गोऱ्यांना जेथे वेड लागले तेथेच मुंबईकर प्रकृती सुधारायला येऊ लागले. पारशी, गुजराती, बोहरी मंडळींनी आपापल्या ज्ञातीसाठी तेथे सॅनिटोरियमे बांधली. नाव इस्पितळाचे, थाट धर्मशाळेचा. थोड्या भाड्यात खोली, कोरडी हवा, संध्याकाळी टांग्यातून फेरफटका. मुंबईच्या दमट चाळीत पिचलेल्या माणसाला महिनाभर अशी उसंत मिळाली तर त्याचे वजन वाढणारच. यात हवा किती आणि विश्रांती किती, हा हिशेब कोणी केला नाही. मला विचाराल तर विश्रांतीचे पारडे जड.

क्षयाचे जंतू रॉबर्ट कॉख यांनी 1882 सालीच दाखवून दिले होते. पण ते मारणारे स्ट्रेप्टोमायसिन सापडायला 1943 उजाडले. मधली साठ वर्षे रोग्याने भरवसा ठेवायचा तो हवेवर. आपले राम गणेश गडकरी असेच आजारी होऊन सावनेरला भावाकडे गेले. तेथे 'भावबंधन' पुरे केले आणि 1919 च्या जानेवारीत, ऐन थंडीत, गेले. वय अवघे तेहतीस.

आता हवेसाठी महिनाभर जाणारे थोडे. शनिवार-रविवार मोटारीने येतात, तेल चोळून घेतात, परत जातात. बिचारा दीन महंमद आज असता तर पुन्हा दिवाळे निघाले नसते.

हरसूलला मात्र हवेसाठी कोणी आलेले माझ्या पाहण्यात नाही. येथून जातात ते. खळे झाले, दिवाळी झाली की घरे बंद होऊ लागतात. नवराबायको, कडेवर मूल, डोक्यावर बोचके, जीप भरून गिरणाऱ्याच्या मजूरबाजारात. तेथून दिंडोरी-निफाडच्या द्राक्षमळ्यांत नाहीतर कांद्याच्या लागणीवर. मुक्काम मळ्याच्या कडेला, प्लॅस्टिकच्या कागदाखाली. निफाडचा गारठा महाराष्ट्राला ठाऊक आहे. वर्तमानपत्रांत त्याचा आकडा पहिल्या पानावर येतो.

माझ्या वर्गातले बाक या दिवसांत मागून रिकामे होत जातात. गेल्या साली माघात एक मुलगा परत आला. विचारले, 'काय रे, कसं होतं तिकडं?' म्हणाला, 'गुरुजी, थंडी लई. पण भाकर रोज होती.' हजेरीपटावर गैरहजेरीचे कारण लिहायचे असते. मी 'बाहेरगावी' असे लिहितो.